फणस नसलेली फणसवाडी

चि. सई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी रात्री तू विचारलेल्या प्रश्नाला मी धड उत्तर दिले नाही. "आधी जेवून घे," एवढेच म्हणाले आणि वरण गरम करायला उठले. ते तुझ्या लक्षात आले असणार, कारण नंतर तू वही मिटून ठेवलीस आणि तो विषय काढला नाहीस.

तुला इथे ऑकलंडच्या शाळेत पेपेहा लिहून न्यायचा होता. आपला डोंगर कोणता, आपली नदी कोणती, आपली माणसे कोठली, हे इथल्या मूळच्या माओरी लोकांच्या रीतीप्रमाणे वर्गापुढे उभे राहून सांगायचे. आणि बाहेरून आलेल्या मुलांनी आपल्या घराण्याच्या मुलखातला डोंगर व नदी सांगितली तरी चालेल, असे बाई म्हणाल्या होत्या. डोंगर आणि नदी मला पटकन सुचेना, म्हणून मी आमच्या गिरगावातल्या वाड्यांची नावे सांगू लागले. फणसवाडी म्हटल्यावर तू विचारलेस, तिथे फणस होते का? नव्हते. केळेवाडीत केळी? नव्हती. धोबी तलावात पोहायला जायचीस का? तलावच नव्हता. तू आधी खूप हसलीस आणि मग अगदी सरळपणे म्हणालीस, "म्हणजे जे नाही त्याचीच नावं. आणि ते होतं तेव्हा तू नव्हतीसच. मग ते तुझं कसं?"

तोंडी बोलताना मला राग येतो आणि मग मी भलतेच काही बोलते, म्हणून लिहिते आहे. जोडाक्षरे अडली तर बाबांना विचार. कंटाळा आला तर मध्येच सोडून दिलेस तरी चालेल, परीक्षा नाही.

पहिली गोष्ट कबूल करते, ती ही की लहानपणी मला या नावांचे अर्थ कधी ऐकूच आले नव्हते. फणसवाडी हा आमच्यासाठी एक अख्खा शब्द होता, त्यात फणस वेगळा दिसत नसे. गणपतीच्या गर्दीत हरवलो तर पोलिसाला काय सांगायचे, हे अण्णांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, मला आणि प्रमोदमामाला श्लोकासारखे पाठ करून घेतले होते: दुसरा मजला, खोली सत्तावीस, बालाजीच्या देवळाच्या पुढे, फणसवाडी, मुंबई दोन. देवळाचा उल्लेख महत्त्वाचा, कारण दाक्षिणात्य पद्धतीचे व्यंकटेशाचे ते देऊळ पोलिसाला नक्की ठाऊक असणार, अशी अण्णांची खात्री होती. मी एकदा खरोखरच हरवले आणि रडत रडत हे सगळे बरोबर म्हणून दाखवले. नाव म्हणजे घरी पोचण्याची सोय, एवढाच त्याचा उपयोग मला माहीत होता, आणि खरे सांगायचे तर तो काही कमी नव्हे.

त्यातला फणस मला दिसला तो मी साधारण तुझ्याएवढी असताना. मे महिन्याच्या अखेरीस राजापूरच्या एसटीने एक भलामोठा कापा फणस आला. गोणपाटात गुंडाळलेला, आणि दांड्याला सुतळी बांधून वर अण्णांचे नाव लिहिलेली चिठ्ठी. मुंबई सेंट्रलच्या डेपोतून तो टॅक्सीने घरी आणावा लागला. माई, म्हणजे तुझ्या पणजी, तेव्हा होत्या. त्यांनी गॅलरीत जुनी वर्तमानपत्रे अंथरली, दोन्ही हातांना कोपरापर्यंत खोबरेल तेल चोळले, विळीच्या पात्यालाही तेल लावले आणि फणस उभा चिरला. चीक पुसायला त्यांनी कागदाचे बोळे करून ठेवले होते. वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला आणि बोलावल्याशिवायच पोरे गोळा झाली. गरे वाटून संपल्यावर आठळ्या एका पातेल्यात पडल्या, त्या रात्री मीठ घालून उकडायच्या होत्या. कुमुदमावशी हात चाटत म्हणाली, "आज खरी फणसवाडी झाली!" सगळे हसले. मी हसले नाही, कारण मला तो विनोद कळायला दोन क्षण लागले आणि कळल्यावर आश्चर्यच वाटले, की हे नाव आपण रोज घेतो आणि त्यात हे फळ आहे.

मी माईंना विचारले, इथे फणसाचे झाड कुठे होते? त्या म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हाही नव्हते." तू रविवारी विचारलेस तेच मी त्यांना विचारले होते, हे मला चार दिवसांनी आठवले.

झाडे गेली ती माईंच्याही फार आधी. कोकणात वाडी म्हणजे वस्तीही आणि नारळी-पोफळींची बागही. गिरगावातल्या वाड्याही आधी बागाच होत्या. आंबेवाडी, पिंपळवाडी, केळेवाडी, कांदेवाडी ही सगळी पाऊण तासाच्या फेरफटक्यात बसणारी नावे आहेत. बोरभाट आणि मुगभाट यांतला भाट हा शब्द तर आता मुंबईत कोणी वापरतही नाही. गोव्यात अजून माडाबागायतीला भाट म्हणतात. खेतवाडीत शेते होती आणि आता तिथे क्रमांकांच्या गल्ल्या आहेत. शहर वाढले, गिरण्या आणि कचेऱ्या आल्या, माणसांना राहायला जागा हवी झाली, तेव्हा बागांच्या मालकांनी झाडे काढून चाळी उठवल्या. नावे तेवढी काढली नाहीत, कारण नावांना जागा लागत नाही आणि भाडे वसूल करणाऱ्यालाही पत्ता लागतोच. यात कोणाचे काही थोर प्रेम होते असे मला वाटत नाही.

चर्नी रोडची गोष्ट अण्णा फार रंगवून सांगत. इंग्रज सरकारने मुंबईत गुरे चारण्यावर कर बसवला, गरीब लोकांची गुरे जप्त होऊ लागली, तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांनी १८३८ साली वीस हजार रुपये घालून ठाकूरद्वाराजवळ समुद्राकडेची गवताळ जमीन घेतली आणि ती गुरांना मोकळी करून दिली. म्हणून ते चरणीचे ठिकाण, म्हणून चर्नी रोड. पुढे मी कॉलेजात असताना वाचले, की ठाण्याजवळच्या चेंदणीहून आलेले लोक तिथे वसले आणि त्या चेंदणीवरून हे नाव पडले, असेही सांगतात. मी मोठ्या उत्साहाने ते अण्णांना सांगितले. अण्णा बराच वेळ पेपर वाचत राहिले आणि मग म्हणाले, "असेल. पण गुरांची गोष्ट चांगली आहे." मी त्यांना तेव्हा हटवादी समजले. आता रोज रात्री तुला मीही गुरांचीच गोष्ट सांगत आले, चेंदणीची कधी सांगितली नाही.

धोबी तलावात खरोखरच धोबी कपडे धूत असत. तो तलाव बुजवला. पायधुणीला खाडीचे पाणी आत येत असे आणि मुंबईच्या बेटावर पाऊल ठेवणारा माणूस तिथे पाय धुऊन येई. अठराव्या शतकात गव्हर्नर हॉर्नबी यांच्या काळात वरळीकडचे खिंडार बांध घालून बंद केले, तेव्हा ते पाणीही हळूहळू आटले. आता पायधुणीला पाय धुवायला पाण्याची बाटली विकत घ्यावी लागेल. सोनापूरचे मात्र वेगळे आहे. मरीन लाइन्सजवळच्या त्या गल्लीला सोनापूर म्हणतात, आणि लहानपणी मला वाटे की तिथे सोनारांची दुकाने असणार. एकदा मी "आपण सोनापूरला जाऊ या ना" असा हट्ट धरला, तेव्हा माईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. ते स्मशान होते. त्याला लागूनच चंदनवाडी, म्हणजे तेही स्मशानच. जे नाही त्याचे नाव तिथे लोकांनी जाणूनबुजून ठेवले आहे, आणि का ठेवले असेल ते तुला एवढ्यात कळले नाही तरी चालेल.

आता तुझ्या प्रश्नाचा जो भाग मला लागला, त्याकडे येते. "मग ते तुझं कसं?"

तू म्हणतेस त्यात तथ्य आहे. ही नावे ठेवणारे आम्ही नव्हतो. ती कोळ्यांची आहेत, पाठारे प्रभूंची आहेत, खोताच्या वाडीतल्या, ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या मुंबईच्याच ख्रिस्ती कुटुंबांची आहेत. ती वाडीदेखील मूळ एका पाठारे प्रभू खोतांची जमीन होती, पुढे तिचे तुकडे त्या कुटुंबांनी घेतले आणि लाकडी जिन्यांची, पुढे ओसरी असलेली घरे बांधली. मॅट्रिक झाल्यावर नोकरीसाठी राजापूरकडून आलेले आमचे आजोबा फणसवाडीत भाडेकरू म्हणून राहिले. नावांसकट सगळेच भाड्याचे. आणि गंमत बघ, आमच्या चाळीच्या जिन्यापाशी लाकडी पाटीवर भाडेकरूंची नावे होती, त्यांतली निम्मी आडनावे 'कर'ने संपणारी, म्हणजे प्रत्येकाच्या दारावर दुसऱ्याच कुठल्यातरी गावाचे नाव. आसपासच्या वाड्याही तशाच, उरणकरांची, कुडाळदेशकरांची. गॅलरीत नवा माणूस आला की पहिला प्रश्न "तुमचं गाव कुठलं?" असाच असे, आणि त्याला "गिरगाव" असे उत्तर दिले तर लोक पुन्हा विचारीत, "ते झालं, पण गाव?" अण्णा राजापूर सांगत. ते जन्मले गिरगावात, वाढले गिरगावात, आणि राजापूरला मी मोजले तर आयुष्यात सहा वेळा गेले असतील. त्यांनाही कोणी "मग ते तुमचं कसं?" असे विचारले असते तर त्यांनी पेपर वर धरला असता.

त्यामुळे डोंगर आणि नदी विचारल्यावर मी गप्प झाले, ते उगीच नव्हे. आमच्या खोलीतून समोरच्या चाळीचे वाळत घातलेले कपडे दिसत, डोंगर दिसत नसे. पण सोमवारी कामावर जाताना बसमध्ये मी मनात शब्द फोडू लागले आणि एकदम थांबले. गिरगाव. गिरी आणि गाव. मलबार हिलच्या पायथ्याचे गाव म्हणून गिरिग्राम, त्याचे गिरगाव, असा या नावाचा अर्थ सांगतात. टेकडीला आज नाव आहे ते केरळच्या किनाऱ्याचे, म्हणून तिच्यातला आमचा गिरी मला कधी ऐकू आला नाही. पंचवीस वर्षे पत्त्यात रोज डोंगर लिहिला आणि तू विचारल्यावर म्हणाले, डोंगर नव्हता.

आणि तो डोंगर आम्ही चढायचो, सई. महिन्यातून एखाद्या रविवारी चौपाटीकडून पायऱ्यांनी वर हँगिंग गार्डनला, तिथून समोरच्या म्हातारीच्या बुटात. प्रमोदमामा बुटाच्या वरच्या खिडकीतून हात हलवी आणि अण्णा खालून न चुकता "पडशील!" असे ओरडत. वरून चौपाटीचा अर्धगोल दिसे, पण आमची चाळ कधी सापडली नाही. सगळी कौले सारखीच. त्या बागेखाली पाण्याची मोठी टाकी आहे, हे अण्णांनी सांगितले होते आणि आम्ही विश्वास ठेवला नव्हता. ते खरे आहे. तुळशी तलावाचे पाणी शहरात आले ते १८७९ साली. त्यासाठी टेकडीवर टाकी बांधली आणि ती झाकून वर बाग केली. दक्षिण मुंबईच्या मोठ्या भागाला पाणी तिथूनच सुटते.

म्हणजे आमची नदीही त्याच डोंगरातून येत होती. ती पहाटे साडेचारला यायची आणि साडेसहाला जायची. आधी मोरीतल्या नळातून नुसती हवा फुसफुसे, मग एक लाल गुळणी, आणि मग धार. त्या आवाजाने अख्खा मजला जागा होई. तुझी आजी पितळी पिंप भरून घेई, मी कळशीखाली लोटी धरून बसे, कारण कळशी भरून वाहिली की वाया जाणारे पाणी लोटीत घ्यायचे आणि ते तुळशीला घालायचे, अशी माझी नेमणूक होती. वाळकेश्वरला बाणगंगा आहे; लक्ष्मणाने बाण मारला आणि तहानलेल्या रामासाठी गंगा वर आली, अशी तिची कथा आहे, आणि रामाने तिथे वाळूचे शिवलिंग केले म्हणून तो वालुकेश्वर. पेपेहात लिहायला बाणगंगा शोभून दिसेल, यात शंका नाही. पण मी तिथे आयुष्यात चारपाच वेळा गेले असेन आणि नळापाशी मात्र रोज पहाटे बसले.

हे सगळे तू लिहावेस असा माझा आग्रह नाही. खरोखर नाही. तुझा जन्म ऑकलंडचा, आणि शाळेच्या मागच्या माउंगाफाउवर तू चालायला लागल्यापासून जाते आहेस. ते नाव फाउ नावाच्या झाडावरून आले, हे तूच मला सांगितलेस. त्याच टेकडीला माउंट ईडन म्हणतात ते जॉर्ज ईडन, म्हणजे लॉर्ड ऑकलंड, यांच्यावरून. ते १८३६ ते १८४२ या काळात हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल होते, शहरालाही नाव त्यांचेच, आणि ते इथे कधी आलेसुद्धा नाहीत. म्हणजे जे नाही त्याचे नाव ठेवण्यात एकटे गिरगाव पटाईत आहे असे नव्हे. हे वाद जिंकण्यासाठी लिहिलेले नाही. थोडेसे तेही आहे.

एक बातमी तुला सांगायची राहिली. मुंबईच्या लोकलच्या फलकांवर गिरगाव हे नाव कधी नव्हते. गिरगावकर उतरायचे ते चर्नी रोडला किंवा ग्रँट रोडला. राज्य विधिमंडळाने २०२४ साली चर्नी रोडचे नाव बदलून गिरगाव करावे असा ठराव केला, तेव्हा प्रमोदमामाने कुटुंबाच्या ग्रुपवर पेढ्यांचे चित्र टाकले आणि मला मात्र अण्णांची गुरे आठवून कसेसेच झाले. मग २०२५च्या ऑक्टोबरात भुयारी मेट्रो गिरगावापर्यंत आली आणि तिला गिरगाव नावाचे स्वतंत्र स्थानकच मिळाले. त्यासाठी काही जुन्या चाळी पाडल्या गेल्या. मामा डोंबिवलीहून मुद्दाम तिथे गेला आणि फलकाखाली उभा राहून त्याने फोटो काढून घेतला. तू तो पाहिला आहेस, "मामा एवढा का हसतो आहे?" असे तू विचारले होतेस. आमच्या मजल्यावरचे एकही बिऱ्हाड आता गिरगावात नाही. आमच्या चाळीच्या जागी मनोरा उभा राहतो आहे आणि त्याला परदेशातल्या कुठल्याशा बागेचे नाव दिले आहे, असेही मामाने कळवले. म्हणजे फणसवाडीत पुन्हा एकदा बाग आली म्हणायची, तीही नसलेली.

पेपेहात तू डोंगर माउंगाफाउ लिहिलास तर मला वाईट वाटणार नाही. वाटले तरी ते तुझ्यामुळे नसेल. गिरगाव लिहिलेस तर ग ला पहिली वेलांटी दे आणि बाईंना एवढेच सांग, की माझ्या आईलाही हे नुकतेच कळले.

आणि मला तुझी एक मदत हवी आहे. आपण या गल्लीत राहायला आलो त्याला नऊ वर्षे झाली. गल्लीचे नाव मी प्रत्येक अर्जावर, प्रत्येक पार्सलवर लिहिते. ते कोणाचे आहे, माणसाचे की झाडाचे, हे मी आजवर कोणालाही विचारलेले नाही. तुझ्या शाळेच्या ग्रंथालयात सापडले तर मला सांग.

तुझी,
आई

ता. क. फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात वाटीत गरे काढून ठेवले आहेत, शाळेतून आल्यावर खा. डब्यातले आहेत, थायलंडचे. आठळ्या शोधू नकोस, त्यांत नसतात.